कांद्याचा भाव आणि सरकारचा हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं कांद्याच्या भावाबद्दल लिहितोय, त्यामुळे लोक प्रश्न पाठवत असतात. निम्मे प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवल्याकडच्या शेतकऱ्यांचे असतात, निम्मे पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांतून येतात. माझं घर निफाड तालुक्यातलं, अंगणात कांदा साठवायची चाळ. तेव्हा मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. पण दोन्हीकडचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला आहे.

1. "बाजारात भाव ठरतो" म्हणतात, पण ठरवतं कोण?

आमच्याकडच्या लासलगाव बाजार समितीच्या आवारात सकाळी जाऊन उभं राहा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो. कुणी कांदा हातात घेऊन साल चोळतो, कुणी एखादा फोडून आत बघतो. पुकारा सुरू होतो, आकडे दहा-वीस रुपयांनी चढतात आणि मिनिटभरात घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार-पाच महिन्यांच्या कष्टांचा भाव त्या मिनिटात ठरलेला असतो.

पण त्या आकड्यात बरंच काही दडलेलं असतं. कर्नाटकात पाऊस किती झाला, बांगलादेशातून मागणी आहे का, चाळींत माल किती उरलाय आणि दिल्लीत काही हालचाल आहे का, हे सगळं व्यापारी मनात धरूनच बोली लावतो. भाव म्हणजे हजारो लोकांना मिळून जे कळलंय त्याची बेरीज. म्हणूनच तो वरून बदलला की बाकीचेही आपलं वागणं बदलतात. पुढचे बहुतेक प्रश्न त्याविषयीच आहेत.

2. म्हणजे बाजार समितीतला बाजार "मुक्त" आहे का?

पूर्ण मुक्त नाही, आणि तसा असूही नये. महाराष्ट्रात 1963 च्या कायद्याने बाजार समित्या चालतात. व्यापाऱ्याला परवाना लागतो, लिलाव उघड होतो, माल मोजायला काटा असतो. हे नियम नव्हते तेव्हा शेतकरी घरच्या घरी एकाच सावकाराला माल देत असे, तोही सावकार सांगेल त्या भावाने. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला समितीबाहेर विकायची मोकळीक दिली आणि अडत (म्हणजे आडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. हाही सरकारी हस्तक्षेपच, पण खेळ स्वच्छ करणारा.

खेळ चालू असताना मधेच धावफलक बदलणारा हस्तक्षेप वेगळा असतो. भांडण त्याच्याबद्दल आहे.

3. दुसऱ्या भाज्यांपेक्षा कांद्याचाच भाव एवढा का उसळतो आणि आपटतो?

कांदा महागला म्हणून कुणी फोडणी बंद करत नाही आणि स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही. मागणी जवळपास तेवढीच राहते, म्हणून आवक थोडी घटली तरी भाव मोठी उडी घेतो आणि थोडी वाढली तरी तोंडावर पडतो.

दुसरं कारण हंगामाचं. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो. वर्षाच्या पिकाचा मोठा हिस्सा तोच, आणि तो चाळीत टिकतो. जून ते ऑक्टोबर देश त्याच्यावर जगतो. त्यानंतर खरिपाचा लाल कांदा येतो, मग रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा. लाल कांदा टिकत नाही, काढला की थोड्या दिवसांत विकावाच लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात चाळी रिकाम्या होत असताना परतीच्या पावसाने लाल कांदा भिजला की मधे पोकळी पडते. शहरात ओरड होते ती बहुतेकदा याच दिवसांत, आणि सरकारचा हातही तेव्हाच पुढे येतो.

4. निर्यातबंदीने शहरात कांदा स्वस्त होतो ना? मग त्यात वाईट काय?

स्वस्त होतो, हे खरं आहे. बाहेर जाणारा माल इथेच अडकला की आवक वाढते आणि भाव उतरतो. प्रश्न असा की तो कुणाच्या खिशातून उतरतो आणि कधी.

डिसेंबर 2023 चं उदाहरण घ्या. 8 डिसेंबरपासून निर्यात बंद झाली. महागाई चाळीतल्या उन्हाळ कांद्याची होती, तो तोवर संपत आला होता. बंदीचा फटका बसला नव्याने येणाऱ्या लाल कांद्याला. लाल कांदेवाला थांबू शकत नाही, कारण प्रश्न 3 मध्ये सांगितलं तसं त्याचा माल टिकतच नाही. दोन-तीन आठवड्यांत लासलगावचा भाव साधारण निम्म्यावर आला. ऑक्टोबरच्या तेजीचा फायदा ज्याला झालाच नव्हता, त्या शेतकऱ्याने डिसेंबरात त्या तेजीची किंमत मोजली.

दुसरं नुकसान हळू होतं. बंदर एकदा बंद झालं की परदेशातला खरेदीदार पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळतो. बंदी उठली म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत येत नाही (प्रश्न 16).

5. बंदी, निर्यातशुल्क आणि किमान निर्यात मूल्य यांत फरक काय?

बंदी म्हणजे दार बंद. किमान निर्यात मूल्य म्हणजे अमुक डॉलरच्या खाली माल बाहेर विकायचा नाही. ते मूल्य जगातल्या भावाच्या वर ठेवलं की दार उघडं दिसतं, पण त्यातून कुणी जात नाही. निर्यातशुल्क म्हणजे दारावरचा कर.

"शुल्क व्यापारी भरतो, शेतकऱ्याचं काय जातं?" असं बरेच जण लिहितात. चलन व्यापारीच भरतो, हे खरं. पण परदेशी गिऱ्हाइकाला इजिप्तचा कांदा मिळत असेल तर तो वाढीव पैसे देणार नाही. मग व्यापारी शुल्काचा आकडा आधी वजा करतो आणि उरलेल्यातून लासलगावात बोली लावतो. 100 रुपयांच्या मालावर 40 रुपये सरकारजमा होणार असतील, तर ते ट्रॉलीपाशीच कापले जातात. कागदावर कर एकाचा आणि भरणारा दुसराच, हे अर्थशास्त्रात नेहमी घडतं. लिलावात ते डोळ्यांनी दिसतं.

6. गेल्या काही वर्षांत हे नेमकं किती वेळा झालं?

मोजून सांगतो, कारण वाद घालताना तारखा विसरल्या जातात. सप्टेंबर 2019 मध्ये आधी टनाला 850 डॉलर किमान मूल्य लागलं आणि महिनाअखेर बंदी आली. ती 15 मार्च 2020 ला उठली. 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंदी, ती 1 जानेवारी 2021 ला उठली. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर त्याच्या जागी 800 डॉलर किमान मूल्य, डिसेंबरात बंदी. ती बंदी 31 मार्च 2024 पर्यंतच असेल असं सांगितलं होतं, पण मुदत संपण्याआधीच पुढचा आदेश निघेपर्यंत वाढवली. 4 मे 2024 ला बंदी उठली, तीही 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क ठेवून, म्हणजे टनाला 770 डॉलर. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य काढलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आणलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य.

मला सगळ्यात जास्त खटकते ती मार्च 2024 ची मुदतवाढ. "31 मार्चनंतर निर्यात खुली होईल" या भरवशावर उन्हाळ कांद्याचे आडाखे बांधले गेले होते. नियम कडक असला तरी शेतकरी त्यातून वाट काढतो. पण तारीखच पाळली गेली नाही तर चाळ भरायची की शेतातूनच विकायचं, हे ठरवायला त्याच्याकडे काही उरत नाही.

7. नाफेडची खरेदी तर शेतकऱ्याच्या भल्याची असते. त्यावर नाराजी का?

केंद्राच्या भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्था उन्हाळ कांदा घेऊन साठवतात आणि तुटवड्याच्या दिवसांत शहरांत सोडतात. ऑगस्ट 2023 मध्ये शुल्क लागल्यावर साठ्याचं उद्दिष्ट 3 लाखांवरून 5 लाख टन केलं आणि 2,410 रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली. त्याच सुमारास शहरांत 25 रुपये किलोने विक्रीही सुरू झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये लासलगावहून दिल्लीला रेल्वेने 1,600 टन कांदा गेला. वर्तमानपत्रांनी तिला "कांदा एक्स्प्रेस" म्हटलं.

कल्पना चांगली आहे. मुबलक असताना घ्या, टंचाईत विका, म्हणजे दोन्ही टोकं बोथट होतात. अडचण दोन ठिकाणी आहे. देशाचं पीक वर्षाला अडीचशे-तीनशे लाख टनांच्या घरात, त्यात 5 लाख म्हणजे जेमतेम दोन टक्के. पडत्या बाजाराला उचलून धरायला तेवढं पुरत नाही. विकताना मात्र नुसत्या बातमीनेही भाव खाली येतो, कारण बोली अपेक्षेवर चालते (प्रश्न 1). शिवाय खरेदीच्या वेळी प्रतवारीचे निकष कडक असतात आणि गोल्टी (लहान कांदा), खाद (खराब कांदा) बाजूला पडते. तो माल शेवटी बाजार समितीतच येतो.

8. चाळीत कांदा ठेवणं ही साठेबाजी नाही का?

हा प्रश्न रागाने येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

उन्हाळ कांदा काढला की महिनाभरात सगळा विकून टाकला, तर मेमध्ये तो मातीमोल होईल आणि सप्टेंबरात शहराला एक कांदा मिळणार नाही. मे आणि सप्टेंबर यांना जोडणारी वस्तू म्हणजे चाळ. ठेवणाऱ्याला ती फुकट पडत नाही. एप्रिलमध्ये 100 क्विंटल भरले तर ऑक्टोबरला वाळून, सडून, मोड येऊन साधारण 30 ते 40 क्विंटल गेलेले असतात. पावसाळी हवेत चाळ फोडल्यावर तो आंबूस वास घरभर येतो. बाया फडकी बांधून बसतात आणि एकेक कांदा हाताखालून काढतात. काजळी धरलेला एकीकडे, मोड आलेला दुसरीकडे. सप्टेंबरचा भाव एप्रिलपेक्षा दीडपट तरी लागला, तेव्हा कुठे घट भरून निघते.

मुद्दाम टंचाई करणारे मोठे साठेबाज नसतात असं नाही. त्यांच्यासाठी 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याखाली घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळ विक्रेत्याला 2 टन अशी मर्यादा लागली. 25 टन म्हणजे किती? ट्रॉलीत वीस-पंचवीस क्विंटल कांदा येतो, म्हणजे दहा-बारा ट्रॉल्या. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडून, गोण्या भरून, गाडी मिळेपर्यंत तेवढा माल पडूनच असतो. मर्यादा लागल्यावर व्यापाऱ्यांनी लिलावातून हात काढले आणि आवारं बंद पडली. साठेबाज पकडायला टाकलेल्या जाळ्यात रोजची खरेदी अडकली.

त्याच वर्षी कायद्यात एक दुरुस्ती झाली होती: फळं-भाज्यांचा किरकोळ भाव दुप्पट झाला तरच मर्यादा लावायची. 2021 मध्ये मागे घेतलेल्या तीन कृषी कायद्यांपैकीच ती एक होती. त्या कायद्यांबद्दल मतं काहीही असोत, "अमुक आकडा ओलांडला तरच" असं आधी लिहून ठेवणं मला आजही योग्य वाटतं.

9. कांद्याला हमीभाव का देत नाहीत?

केंद्र 22 पिकांना हमीभाव जाहीर करतं, कांदा त्यात नाही. तो नाशवंत आहे आणि गव्हासारखा वर्षानुवर्षं गोदामात राहत नाही. पण हमीभाव जाहीर होणं आणि मिळणं वेगळं, हे तुरीने शिकवलं. 2015 मध्ये तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली. ते पाहून शेतकऱ्यांनी तूर पेरली आणि 2016-17 मध्ये विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये होता, बाजारात भाव त्याखाली गेला. खरेदी केंद्रांपुढे विदर्भ-मराठवाड्यात रांगा लागल्या, बारदान संपलं, केंद्रं बंद पडली. आणि या सगळ्या काळात डाळींवरची 2006 पासूनची निर्यातबंदी तशीच होती. तुरीसाठी ती सप्टेंबर 2017 ला उठली, माल विकून झाल्यावर. एका हाताने आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने दार बंद ठेवायचं, यात शेतकऱ्याच्या पदरी काय पडणार?

10. भाव पडल्यावर सरकार काहीच करत नाही का?

करतं, पण उशिरा आणि मोजून. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा मातीमोल झाला होता. सोलापुरात एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचा, खर्च वजा जाता, 2 रुपयांचा चेक मिळाल्याची बातमी देशभर गेली. राज्याने 1 फेब्रुवारी ते 31 मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, अनुदान दिलं. ते मिळवायला विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावर पीकपेरा लागत होता. पेरा न लावलेले अडकले.

भाव वाढला की काही दिवसांत अधिसूचना निघते, पडला की मोर्चे निघाल्यावर अनुदान येतं. माझी मुख्य तक्रार या एकतर्फीपणाबद्दल आहे.

11. सरकारने सरळ किंमतच बांधून दिली तर?

वस्तू पुन्हा बनवावी लागते की नाही, त्यावर उत्तर ठरतं.

मुंबईची जुनी घरं पाहा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने कित्येक घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात आलेल्या माणसाला त्याने छप्पर दिलं, हे विसरू नये. पण दशकं गेली तरी भाडं तिथेच राहिलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाड्याने द्यायला नवीन घरं बांधणं थांबलं आणि खरी किंमत पागडीच्या, म्हणजे घर मिळवायला द्यायच्या ठोक रकमेच्या, रूपाने टेबलाखालून वाहू लागली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली आणि पागडीला मान्यता दिली, तोवर इमारती खचल्या होत्या.

उलट बाजूला हृदयाच्या स्टेंटचं उदाहरण आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये औषधलेपित स्टेंटला 29,600 आणि साध्याला 7,260 रुपयांची मर्यादा घातली. काही कंपन्यांनी नवे प्रकार मागे घ्यायची परवानगी मागितली, पण स्टेंट मिळेनासे झाले नाहीत. कारण आधीच्या किमतीत मधल्यांचा नफा भरपूर होता, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा रुग्ण चार दुकानं फिरून भाव करू शकत नाही. जिथे गिऱ्हाइकाला निवडच नसते तिथे मर्यादेला अर्थ आहे. कांद्याच्या लिलावात दोन्ही बाजूंना निवड असते.

12. उसाचं चालतं, मग कांद्याचं का नाही?

उसाची पूर्ण साखळीच बांधलेली आहे. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं, 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये, आणि ऊस कारखान्याला पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे देणं कारखान्यावर बंधनकारक आहे. साखरेचा किमान विक्री दरही ठरवून दिला, 2018 ला 29 आणि 2019 ला 31 रुपये किलो. निर्यात सरकारच्या परवानगीने. तरी एफआरपी वाढत गेली आणि साखरेचा किमान दर तिथेच राहिला की कारखान्यांकडे थकबाकी साचते. एक किंमत बांधली की दुसरी बांधावी लागते, मग तिसरी. कांद्याला कारखाना नाही. तो लाखो चाळींतून येतो, त्याची साखळी बांधणार कुठे?

13. सरकारनेच सगळा माल विकत घ्यायचा, हा उपाय कुणी केलाय का?

आपणच केलाय, कापसात. 1972-73 पासून एकाधिकार खरेदी योजनेत कापूस फक्त राज्याला विकायचा होता. शेजारच्या राज्यांत भाव जास्त असला की आपला कापूस रात्री सीमेपार जाई आणि इथे जास्त असला की तिकडचा इकडे येई. तोटा साचत गेला आणि शेवटी खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली करावी लागली.

14. मी पुण्यात नोकरी करते. कांदा 80 रुपये झाला तर मलाही झळ लागते. माझा विचार कोण करणार?

तुमची तक्रार रास्त आहे. हिशेब समोरासमोर मांडतो. चौघांच्या घरात महिन्याला 5 किलो कांदा धरला आणि भाव 30 वरून 80 झाला, तर महिन्याला 250 रुपये जास्त जातात, तेही दोन-तीन महिने. 100 क्विंटल विकणाऱ्याचा भाव 2,500 वरून 1,500 वर आणला तर त्याचे लाख रुपये जातात, आणि तेच त्याचं सहामाही उत्पन्न असतं.

हातावर पोट असलेल्या घराला 250 रुपयेही जड जातात, हे मला मान्य आहे. त्या घराला मदत सरकारी तिजोरीतून व्हावी, रेशनमधून व्हावी, थेट खात्यात व्हावी. आज ती मदत कांदेवाल्याच्या ट्रॉलीतून घेतली जाते आणि तिचा लाभ महिन्याला लाखभर कमावणाऱ्यालाही तेवढाच मिळतो.

15. आम्ही दुबईत असतो. 2023 च्या डिसेंबरात इथे कांदा एकदम महाग का झाला होता?

प्रश्न 4 मधल्या बंदीमुळे. तुमच्या बाजारात भारतीय कांद्याचा वाटा मोठा होता, तो रातोरात थांबला. पुढे मार्च 2024 मध्ये सरकार-ते-सरकार पद्धतीने संयुक्त अरब अमिरातीसाठी 14,400 आणि बांगलादेशसाठी 50,000 टनांची परवानगी निघाली, पण ती एकाच सहकारी संस्थेमार्फत. एप्रिलमध्ये गुजरातचा 2,000 टन पांढरा कांदा पाठवायला परवानगी मिळाली, तेव्हा नाशिककडे संताप उसळला, कारण इथला कांदा आवारात पडून होता. सवलत वाटायचा अधिकार एका टेबलावर आला की "त्यांना का आणि आम्हाला का नाही" हा प्रश्न येणारच.

16. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क हटलं. मग भाव का चढला नाही? म्हणजे दोष शुल्काचा नव्हताच ना?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. शुल्क हटलं ते उन्हाळ कांद्याची आवक भरात असताना. पीक चांगलं होतं आणि चांगल्या पिकात भाव पडतो, तिथे दिल्लीचा काही संबंध नाही. निर्यात खुली असती तरी प्रत्येक वर्षी 3,000 चा भाव मिळाला असता, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

उरलेलं अर्धं असं की गिऱ्हाईक गमावलं होतं. आपला सर्वांत मोठा ग्राहक बांगलादेश. वारंवारच्या बंद्यांनंतर त्याने घरच्या लागवडीवर भर दिला, आणि 2025 मध्ये स्वतःच्या शेतकऱ्यासाठी त्यानेही आपल्या कांद्याची आयात अडवली. 2019 पासून आपण जे केलं, तेच त्याने उलट्या बाजूने केलं. इथे शुल्क काढायला एक अधिसूचना पुरते. ढाक्याच्या व्यापाऱ्याला मात्र आधी खात्री हवी, की नाशिकला ठरवलेला माल पुढच्या सप्टेंबरातही सीमेपलीकडे पोचेल.